कान कोणी, कोणाचा आणि कसा पिळला? आंतरराष्ट्रीय बातमीतली सत्ता ओळखण्याची रीत

‘बळी तो कान पिळी’ ही म्हण जगाच्या राजकारणाला लावताना बहुतेक जण पहिल्याच शब्दावर अडतात. बळी कोण, हे ठरवण्यासाठी सैनिक, अण्वस्त्रे, अर्थव्यवस्थेचा आकार यांची यादी करायची आणि ज्याची यादी लांब तो जिंकणार असे धरून चालायचे. 1956 मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सची यादी इजिप्तच्या यादीपेक्षा कितीतरी लांब होती. इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर यांनी 26 जुलैला सुएझ कालवा कंपनीचे राष्ट्रीयीकरण केले. 29 ऑक्टोबरला इस्रायलने सिनाईत चढाई केली आणि 5 नोव्हेंबरला ब्रिटिश व फ्रेंच छत्रीधारी सैनिक पोर्ट सैदला उतरले. लढाई त्यांच्या बाजूने चालली होती. तरी 6 तारखेच्या मध्यरात्रीपासून ब्रिटनने युद्धबंदी मान्य केली, कारण पौंड घसरत होता, तो सावरायला डॉलर हवे होते आणि अमेरिका आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात आडवी उभी होती. 22 डिसेंबरपर्यंत ब्रिटिश व फ्रेंच सैन्य परतले, जानेवारीत पंतप्रधान ईडन यांनी राजीनामा दिला आणि कालवा इजिप्तकडेच राहिला.

रणांगणावर जिंकलेला देश हरला, कारण त्याचा कान दुसऱ्याच ठिकाणी, दुसऱ्याच हातात होता. म्हणून सत्तेचा अभ्यास करताना सुरुवात बलवानाच्या शस्त्रागारापासून करू नका. ज्याच्यावर दबाव आला त्याच्या निर्णयापासून करा: तो बदलला का, किती बदलला, आणि बदलवणाऱ्याला काय मोजावे लागले. राज्यशास्त्राचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेचे उमेदवार, परराष्ट्र घडामोडींवर लिहिणारे पत्रकार या सगळ्यांना वापरता येईल अशी पद्धत पुढे दिली आहे. एका घटनेला एक पान आणि साधारण दोन तास पुरतात.

आधी एक वाक्य लिहा

पानाच्या वर हे वाक्य भरा: ‘अमुक देशाने, तमुक देशाला, ही गोष्ट करायला, न करायला किंवा केलेली मागे घ्यायला, या तारखेपासून भाग पाडण्याचा प्रयत्न केला.’

वाक्यातली ‘ही गोष्ट’ भरता येत नसेल तर तिथेच थांबा. नौदलाचा सराव झाला, नेता कडक बोलला, एवढ्यावरून सत्ता वापरली गेली असे म्हणता येत नाही. ती फक्त दाखवली गेली.

तीन क्रियापदांपैकी कोणते लागू आहे ते नीट ठरवा. रोखणे सर्वांत सोपे, कारण समोरचा वाकला हे कोणाला दिसत नाही. ‘आम्ही तसे करणारच नव्हतो’ असे म्हणून तो मोकळा होतो. करायला लावणे अवघड. आणि एकदा जाहीरपणे केलेली गोष्ट मागे घ्यायला लावणे सर्वांत अवघड, कारण तिथे समोरच्या सरकारची आपल्याच लोकांपुढे नाचक्की होते. लहान देशसुद्धा अशा वेळी हट्टाला पेटतात.

मागणी नेहमी उघड केली जात नाही. सप्टेंबर 2010 मध्ये जपानच्या ताब्यातल्या पण चीनही हक्क सांगतो अशा सेनकाकू बेटांजवळ चिनी मासेमारी नौका जपानी तटरक्षक दलाच्या जहाजांवर आदळली, जपानने नौकेचा कप्तान ताब्यात घेतला आणि थोड्याच दिवसांत जपानला जाणाऱ्या दुर्मीळ मृदा (रेअर अर्थ) धातूंची खेप चीनमध्ये अडली. चीनने बंदी घातल्याचे कधीच मान्य केले नाही. अशा वेळी पानावर दोन रकाने आखा: एकात ‘सरकार काय म्हणाले’, दुसऱ्यात ‘बंदरात काय घडले’. दोन्हींच्या तारखा समोरासमोर ठेवल्या की पुष्कळ गोष्टी उलगडतात. 24 सप्टेंबरला कप्तानाची सुटका झाली, हे वाक्य दोन्ही रकान्यांच्या मध्ये येते.

हत्यार कोणते?

साम, दाम, दंड, भेद हे चार रकाने आपल्याकडे पूर्वापार आहेत आणि आजही चालतात. फक्त त्यांना पाचवा जोडावा लागतो: नियम. पुस्तकांत भेटणारी हार्ड पॉवर म्हणजे बहुतांशी दंड आणि दाम. 1990 मध्ये अमेरिकी अभ्यासक जोसेफ नाय यांनी रुळवलेली सॉफ्ट पॉवर म्हणजे सामाचा एक भाग. ही इंग्रजी नावे उत्तरपत्रिकेत लिहा, पण घटना उलगडताना पाच रकाने जास्त कामाला येतात.

दंड ओळखायला सोपा आहे. चूक होते ती त्याचा आवाका मोजताना. 3 नोव्हेंबर 1988 रोजी मालदीवमध्ये भाडोत्री बंडखोरांनी उठाव केला. भारतीय छत्रीधारी सैनिक आग्र्याहून उडून त्याच रात्री तिथे उतरले आणि काही तासांत सरकार वाचले. त्याच काळात, 1987 ते 1990, भारतीय शांतिसेना श्रीलंकेत होती. तिथे सुमारे 1,200 जवान गेले आणि हाती राजकीय तोडगा लागला नाही. सेना तीच होती, काम वेगळे होते. विमानतळ ताब्यात घेणे हे सैनिकी काम आहे. दोन समाजांमध्ये करार टिकवणे हे नाही. दंडाच्या रकान्यात म्हणून ‘किती सैन्य’ याच्या आधी ‘काम सैन्याचे होते का’ हे लिहा.

भेदाचे स्वच्छ उदाहरण जुलै 2012 मधले नॉम पेन्ह. दक्षिण चीन समुद्राच्या प्रश्नावर आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांचे एकमत झाले नाही, यजमान आणि अध्यक्ष कंबोडिया चीनच्या जवळचा होता, आणि संघटनेच्या 45 वर्षांत पहिल्यांदाच संयुक्त निवेदन निघाले नाही. दहा देशांना एकेक करून झुकवण्याची गरज नव्हती. एकमताने चालणाऱ्या संघटनेत एक देश पुरतो. खोट्या बातम्या पसरवणे, दुसऱ्याच्या निवडणुकीत छुपी ढवळाढवळ करणे हेही याच रकान्यात जाते.

दाम आणि नियम या दोहोंकडे मात्र अधिक वेळ द्या, कारण आजचे बहुतेक कान तिथेच पिळले जातात.

नियमाची ताकद द्राक्षाच्या घडावर दिसते

नियम बनवणाऱ्याला धमकी द्यावी लागत नाही. नाणेनिधीत मोठ्या निर्णयांना 85 टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे साधारण साडेसोळा टक्के आहेत, म्हणजे तिच्याविना असा निर्णय होऊच शकत नाही. भारताची मते तिथे सुमारे 2.6 टक्के. सुरक्षा परिषदेतला नकाराधिकार सगळ्यांना ठाऊक असतो. हा दुसरा, आकड्यांत लपलेला नकाराधिकार कमी जणांच्या ध्यानात येतो.

युरोपीय संघाची ताकद समजून घ्यायची असेल तर नाशिकच्या द्राक्षबागेत जा. 2010 च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलीतले लिहोसिन, या वाढरोधकाचे अवशेष युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि कंटेनर तिकडच्या बंदरांत अडकले. मर्यादा किलोमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागांत मोजली जाणारी. त्यानंतर निर्यातदारांनी आणि बागायतदारांनी फवारणीचे वेळापत्रक बदलले. ‘ग्रेपनेट’ या निर्यात-द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या प्रणालीवर बागेची नोंदणी, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली अवशेषांची तपासणी, आणि अहवाल नीट आला तरच काढणी, ही शिस्त अंगवळणी पडली. ब्रसेल्समध्ये ठरलेला आकडा निफाडच्या शेतातल्या पंपापर्यंत पोचला. कोणी युद्धनौका पाठवली नाही.

हापूसचेही तसेच. फळमाशी सापडल्यामुळे युरोपीय संघाने 1 मे 2014 पासून भारतीय आंब्यावर आणि चार भाज्यांवर बंदी घातली. आंब्यावरची बंदी जानेवारी 2015 मध्ये उठली, म्हणजे एक अख्खा हंगाम गेला. अमेरिकेत आंबा पाठवायला विकिरण प्रक्रिया लागते. 2007 मध्ये ती वाट लासलगावच्या विकिरण केंद्रातून उघडली. पण प्रक्रियेवर देखरेख अमेरिकी निरीक्षकाची असल्यामुळे कोविडच्या काळात निरीक्षक येऊ शकले नाहीत आणि निर्यात बंद पडली, ती 2022 मध्ये पुन्हा सुरू झाली.

इथे वाचक विचारतो, यात दबाव टाकण्याचा हेतू कुठे आहे? बहुतेक वेळा नसतोच. आपल्या ग्राहकाच्या ताटासाठी केलेला नियम दुसऱ्याच्या शेताला लागू होतो. म्हणून पानावर ‘हेतू’ हा वेगळा रकाना ठेवा आणि तिथे सरळ ‘नाही’ लिहा. पण घटना गाळू नका. मोठी बाजारपेठ असलेल्याने केलेला नियम न वाकता वाकवतो, आणि ही ताकद हेतू नसतानाही खरी असते.

परावलंबनाचे गणित: चार आकडे

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, असे आपण म्हणतो. दामाच्या राजकारणात सगळे कौशल्य नाक शोधण्याचे आहे. त्यासाठी चार आकडे काढा.

1. वाटा: ती वस्तू लक्ष्य देश किती टक्के त्या एकाच देशाकडून घेतो, किंवा त्याला विकतो.
2. साठा: पुरवठा थांबला तर किती दिवस चालेल.
3. पर्यायाला लागणारा काळ: दुसरा पुरवठादार किंवा गिऱ्हाईक उभे राहायला आठवडे, महिने की वर्षे.
4. काय बंद पडते: वस्तूची किंमत नव्हे, तिच्यावाचून अडणाऱ्या कामाची किंमत.

पहिला आकडा सगळे काढतात. फसगत होते ती उरलेल्या तिघांवर. दुर्मीळ मृदा धातूंचा व्यापार पैशांत मोजला तर अगदी छोटा आहे. पण त्यांच्यापासून बनलेले चुंबक नसेल तर मोटर नाही, आणि मोटर नसेल तर गाडी कारखान्याबाहेर पडत नाही. 4 एप्रिल 2025 पासून चीनने अशा सात धातूंवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवान्याची अट घातली. जुलै-ऑगस्टपर्यंत पुण्यातल्या इलेक्ट्रिक दुचाकीच्या उत्पादनालाही टंचाईची झळ लागली. खाणी ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत, भारतातही आहेत. पण धातू वेगळे करून शुद्ध करण्याच्या कामातला जगाचा सुमारे नव्वद टक्के वाटा चीनकडे आहे. नाक खाणीत नव्हे, शुद्धीकरणात आहे. साखळीतली नेमकी कडी शोधल्याशिवाय वाट्याचा आकडा लिहू नका.

आकडे मिळवायचे कुठून? भारतासाठी वाणिज्य मंत्रालयाची निर्यात-आयात आकडेवारी, जगासाठी संयुक्त राष्ट्रांचा व्यापार-आकडेसंग्रह यूएन कॉमट्रेड, शस्त्रांसाठी स्टॉकहोमची संशोधन संस्था सिप्री, परकीय चलनसाठ्यासाठी नाणेनिधी. वस्तू नावाने शोधू नका, एचएस कोडने, म्हणजे व्यापारातल्या मालाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाने शोधा: कांदा 0703.10, ताजी द्राक्षे 0806.10, धातूची कायमस्वरूपी चुंबके 8505.11. आणि दोन खड्डे टाळा. पहिला पुनर्निर्यातीचा. भारतीय द्राक्षांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणून नेदरलँड्स दिसतो, कारण माल रॉटरडॅमला उतरतो. खाणारे पुढे जर्मनीतही असतात. दुबईबाबत हाच घोळ होतो. दुसरा खड्डा दोन देशांच्या आकड्यांमधल्या तफावतीचा. एकाची निर्यात आणि दुसऱ्याची आयात क्वचितच जुळते, कारण आयातीत जहाजभाडे आणि विमा धरलेला असतो आणि माल डिसेंबरात निघून जानेवारीत पोचतो. तफावत थोडी असेल तर पुढे जा. दुप्पट असेल तर मध्ये तिसरा देश आहे असे समजा.

गणित दोन्ही बाजूंनी मांडा

एप्रिल 2020 मध्ये ऑस्ट्रेलियाने कोविडच्या उगमाची स्वतंत्र चौकशी मागितली. मे महिन्यात चीनने ऑस्ट्रेलियन बार्लीवर 80.5 टक्के शुल्क लावले. पुढे वाइनवर 218 टक्क्यांपर्यंत शुल्क आले, कोळसा, गोमांस आणि लॉबस्टर अडले. नोव्हेंबरमध्ये कॅनबेरातल्या चिनी दूतावासाने 14 तक्रारींची यादीच पत्रकारांच्या हाती दिली, त्यामुळे मागणीचा रकाना भरणे सोपे झाले. पण लोहखनिजाला चीनने हात लावला नाही. चीन आयात करतो त्या लोहखनिजापैकी सुमारे साठ टक्के ऑस्ट्रेलियातून येते. ते थांबवले असते तर चीनच्याच पोलादाच्या भट्ट्या थंडावल्या असत्या.

कशाला हात लावला आणि कशाला नाही, ही यादी आवर्जून करा. हात न लावलेल्या वस्तू दबाव टाकणाऱ्याची दुखरी जागा सांगतात.

पर्यायाच्या रकान्यात काय आले? ऑस्ट्रेलियाची बार्ली सौदी अरेबियाकडे वळली, कोळसा भारत आणि जपानकडे. वाइनला आणि लॉबस्टरला पर्याय मिळाला नाही, कारण ते गिऱ्हाईक जिभेचे असते, नवे तयार व्हायला वर्षे लागतात. ज्या मालाला जागतिक बाजारात एकच भाव असतो, तो एका दारातून परतला तर दुसऱ्यात शिरतो. ज्याला नाव, चव, ब्रँड असतो त्याची कोंडी होते. सप्टेंबर 2021 मध्ये ऑस्ट्रेलियाने ब्रिटन आणि अमेरिकेसोबत ऑकस हा संरक्षण करार जाहीर केला, म्हणजे चीनला नको होते नेमके तेच. बार्लीवरचे शुल्क ऑगस्ट 2023 मध्ये गेले, वाइनवरचे मार्च 2024 मध्ये.

पाठवणाऱ्याचा खर्च विसरू नये म्हणून घरचे उदाहरण हाताशी ठेवा. भारताने कांद्याची निर्यात सप्टेंबर 2019, सप्टेंबर 2020 आणि 8 डिसेंबर 2023 अशी पुन्हा पुन्हा थांबवली. हेतू देशातले भाव रोखण्याचा होता, कोणाला झुकवण्याचा नव्हता. पण ढाक्याच्या स्वयंपाकघराला हेतूशी देणेघेणे नसते. ऑक्टोबर 2019 मध्ये शेख हसीना यांनी दिल्लीतच हा विषय काढला आणि आपल्या स्वयंपाक्याला कांद्याशिवाय शिजवायला सांगितल्याचे म्हटले. 2023-24 च्या बंदीत मग कांदा हे मुत्सद्देगिरीचे साधन झाले: 1 मार्च 2024 रोजी बांगलादेशला 50,000 टन आणि संयुक्त अरब अमिरातीला 14,400 टन सरकारी मार्गाने देण्याची परवानगी निघाली. बंदी 4 मे रोजी उठली तेव्हाही टनाला 550 डॉलरचा किमान निर्यात भाव आणि 40 टक्के शुल्क राहिले. या सगळ्याचा खर्च परराष्ट्र खात्याने भरला नाही. तो लासलगाव, पिंपळगाव, चाकणच्या बाजार समित्यांत पडलेल्या भावातून शेतकऱ्याने भरला, आणि बांगलादेशने तुर्कस्तान, इजिप्त, म्यानमारकडे पाहायची सवय लावून घेतली. खर्चाच्या रकान्यात ‘देशाने मोजले’ असे मोघम लिहू नका. देशातल्या कोणी मोजले ते लिहा.

सोडवलेले उदाहरण: इराणचे तेल आणि रशियाचे तेल

दबाव टाकणारी अमेरिका, लक्ष्य भारत, वस्तू कच्चे तेल. निकाल मात्र उलटे.

इराण भारताच्या आघाडीच्या तेल पुरवठादारांपैकी होता. नोव्हेंबर 2018 मध्ये अमेरिकेने निर्बंध पुन्हा लावले, भारतासह आठ देशांना 180 दिवसांची सवलत दिली आणि 2 मे 2019 ला ती संपवली. भारताने इराणी तेल बंद केले. रशियाच्या बाबतीत 2022 च्या आधी भारताच्या आयातीतला वाटा दोन टक्क्यांच्या आत होता. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर तो एक-तृतीयांशाच्या वर गेला.

भारत बदलला, धीट झाला, असे उत्तर लगेच सुचते. ते लिहिण्याआधी हत्याराचा रकाना पाहा. इराणच्या बाबतीत उद्दिष्ट होते एकही पिंप विकले जाऊ नये, म्हणून खरेदी करणाऱ्या तिसऱ्या देशाच्या बँकेलाही डॉलरची दारे बंद होतील, असे दुय्यम निर्बंध होते. रशिया जगातल्या सर्वांत मोठ्या तेल निर्यातदारांपैकी एक. त्याचे सगळे तेल बाजारातून गेले असते तर अमेरिकेतल्या पंपांवरही भाव भडकले असते. म्हणून श्रीमंत देशांच्या जी-7 गटाने 5 डिसेंबर 2022 पासून पिंपामागे 60 डॉलरची कमाल मर्यादा घातली: तेल वाहू द्यायचे, रशियाचा नफा कापायचा. त्या चौकटीत भारताने स्वस्तात घेतलेले तेल अमेरिकेला तेव्हा चालण्यासारखे होते. म्हणजे 2022 मध्ये भारताने अमेरिकेचा दबाव झुगारला असे लिहिणे अर्धवट आहे. पूर्ण दबाव टाकलाच गेला नव्हता.

तो आला ऑगस्ट 2025 मध्ये. रशियन तेलाचे कारण देऊन अमेरिकेने भारतीय मालावर 25 टक्के जादा शुल्क लावले, 27 ऑगस्टपासून एकूण 50 टक्के. ऑक्टोबरमध्ये रोसनेफ्ट आणि लुकऑइल या रशियन तेल कंपन्यांवर निर्बंध आले. यासाठी नवे पान घ्या. हत्यार वेगळे आहे, लक्ष्यातली दुखरी जागा वेगळी आहे: तेल शुद्धीकरण कारखाना नव्हे, तर निर्यात करणारा कापड, कोळंबी आणि हिरे-दागिन्यांचा धंदा. जुन्या पानावरचा निकाल नव्या पानावर उतरवला तर उत्तर चुकते.

चलनाच्या हत्याराबद्दल एक सावधगिरी. 2012 मध्ये इराणच्या आणि 2022 मध्ये रशियाच्या काही बँका स्विफ्टमधून काढल्या गेल्या. स्विफ्ट पैसे पाठवत नाही, बँकांचे निरोप पाठवते. खरा घाव रशियाच्या मध्यवर्ती बँकेचा सुमारे 300 अब्ज डॉलरचा साठा गोठवल्याचा होता, आणि त्यातला मोठा भाग अमेरिकेत नव्हे, बेल्जियममध्ये अडकला. बातमीत ‘स्विफ्टबाहेर’ दिसले की पैसा प्रत्यक्ष कुठे ठेवला होता हे शोधा.

सॉफ्ट पॉवर मोजताना हात आखडता ठेवा

योग दिनाच्या ठरावाला 2014 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या 193 पैकी 177 देशांनी सहप्रायोजक म्हणून पाठिंबा दिला. हे मोठे यश आहे, पण त्यावरून तेच 177 देश सुरक्षा परिषदेच्या जागेसाठी भारतामागे उभे राहतील असे निघत नाही. ज्या गोष्टीला कोणाचाच विरोध नसतो तिच्यावरचा पाठिंबा म्हणजे प्रभावाचा पुरावा नव्हे. आकर्षणाची परीक्षा तेव्हा होते, जेव्हा मदत करताना मित्राला काहीतरी गमवावे लागते.

आणि हा साठा तुटतो पटकन. 20 जानेवारी 2021 ला इतर देशांना कोविडची लस पुरवण्याची भारताची लसमैत्री मोहीम सुरू झाली. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची कोविशील्ड नव्वदहून अधिक देशांत पोचली आणि भारताबद्दल खरी कृतज्ञता निर्माण झाली. दुसऱ्या लाटेत निर्यात थांबवावी लागली. घरात माणसे मरत असताना तो निर्णय टाळता येण्यासारखा नव्हता, हे नि:संकोच लिहावे. पण बांगलादेशने तीन कोटी मात्रांचा करार केला होता आणि त्यातल्या 70 लाख हाती आल्या होत्या. दुसऱ्या मात्रेची वाट पाहणारा माणूस थांबू शकत नव्हता, म्हणून ढाका चीनच्या सिनोफार्मकडे गेला. सामाच्या रकान्यात ‘काय दिले’ याच्या शेजारी ‘किती काळ अखंड देता आले’ हे लिहिलेच पाहिजे.

मदत आणि आज्ञा यांची गल्लत

2022 मध्ये श्रीलंका दिवाळखोरीत गेली तेव्हा भारताने कर्ज, इंधन, चलन-अदलाबदल मिळून सुमारे चार अब्ज डॉलरची मदत केली. त्याच ऑगस्टमध्ये चीनचे ‘युआन वांग 5’ हे उपग्रह-क्षेपणास्त्रांचा माग काढणारे जहाज हंबनटोटाला यायचे होते. भारताने हरकत घेतली. कोलंबोने 11 तारखेची भेट पुढे ढकलायला सांगितले आणि 16 ऑगस्टला जहाज आले. चार अब्जांनी पाच दिवस मिळाले, असा निष्कर्ष काढून थांबाल तर चुकाल. जानेवारी 2023 मध्ये नाणेनिधीच्या कर्जासाठी लागणारी हमी सर्वांत आधी भारताने दिली. जानेवारी 2024 पासून श्रीलंकेने परदेशी संशोधन जहाजांना वर्षभर बंदी केली. डिसेंबर 2024 मध्ये राष्ट्राध्यक्ष दिसानायके यांनी आपली भूमी भारताविरुद्ध वापरू देणार नाही असे दिल्लीत सांगितले. मदतीचा परिणाम मागणीच्या दिवशी दिसत नाही, तो पुढच्या निर्णयांत मुरतो. यातला कोणता निर्णय मदतीमुळे आणि कोणता इतर कारणांनी, हे वेगळे काढता येत नसेल तर ‘अंशतः’ लिहा.

हंबनटोटाबद्दल उत्तरपत्रिकांत हमखास येणारी चूक अशी: कर्ज फिटले नाही म्हणून चीनने बंदर घेतले. 2017 मध्ये 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने सुमारे 1.12 अब्ज डॉलर आले, ते परकीय चलनसाठ्यात गेले. बंदराचे कर्ज रद्द झाले नाही. श्रीलंकेच्या परकीय कर्जात सर्वांत मोठा वाटा आंतरराष्ट्रीय रोखेबाजाराचा होता. चीनचा प्रभाव तिथे आहेच, पण त्याचे कारण चुकीचे लिहिले तर उपायही चुकीचा सुचतो.

लहान देशाचे पानही स्वतंत्र करा. मालदीवने 10 मे 2024 पर्यंत भारतीय लष्करी कर्मचारी माघारी पाठवले. हेलिकॉप्टरे राहिली, त्यांच्याजवळ नागरी तंत्रज्ञ आले. ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू दिल्लीत आले आणि 40 कोटी डॉलर व 3,000 कोटी रुपयांच्या चलन-अदलाबदलीचा करार झाला. कोण जिंकले? मालदीवला गणवेश नको होता, तो गेला. भारताला तिथली उपस्थिती हवी होती, ती राहिली. निकालाच्या रकान्यात जय-पराजय अशा दोनच खुणा ठेवल्या तर हे पान भरताच येणार नाही. ‘पूर्ण’, ‘अंशतः’, ‘नाही’ आणि ‘उलट’ अशा चार ठेवा.

पान बंद करू नका

प्रत्येक पानावर तळाशी तीन तारखा आधीच लिहून ठेवा: एक वर्षानंतर, तीन वर्षांनंतर, दहा वर्षांनंतर. दाबलेले नाक शरीर बदलायला लावते. 2010 मध्ये जपान दुर्मीळ धातूंसाठी जवळपास नव्वद टक्के चीनवर विसंबून होता. पुढच्याच वर्षी त्याने ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत 25 कोटी डॉलर घातले आणि हळूहळू तो वाटा साठ टक्क्यांच्या आसपास आणला. रशियाच्या नळातून येणाऱ्या वायूचा युरोपीय संघातला वाटा 2021 मध्ये चाळीस टक्क्यांवर होता, 2023 मध्ये आठच्या आसपास उरला.

आपल्याच इतिहासातले पान 1965 मध्ये उघडते. सलग दोन दुष्काळ, गहू अमेरिकेच्या पीएल-480 या अन्नमदत योजनेतून, आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन जहाजे महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडत होते. शेतीधोरण बदला आणि व्हिएतनामवर टीका आवरा, ही मागणी. साठा जवळपास नाही, पर्याय नाही, वाटा मोठा: हे तिन्ही आकडे भारताच्या विरुद्ध. जून 1966 मध्ये रुपयाचे 36.5 टक्के अवमूल्यन झाले. शेतीधोरण बदलले, व्हिएतनामवरची टीका चालू राहिली. एक वर्षाच्या तारखेला ‘अंशतः’. त्याच 1966 मध्ये मेक्सिकोहून 18,000 टन गव्हाचे बियाणे आले. 1964-65 मधले गव्हाचे सुमारे 1.2 कोटी टनांचे उत्पादन 1970-71 मध्ये दुपटीच्या घरात गेले. डिसेंबर 1971 मध्ये अमेरिकेने आर्थिक मदत रोखली आणि आपला नौदल ताफा बंगालच्या उपसागराकडे वळवला, तेव्हा दिल्लीच्या निर्णयाआड गव्हाचे जहाज नव्हते. 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या.